तुळशीरामची बर्फाची सायकल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज सायकल आली. हरेशच्या टेम्पोतून दोन माणसांनी उतरवली आणि दोघेही कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जेमतेम मावली. शशिकला खिडकीतून म्हणाली, "अजून एक?" मी म्हटलं, "शेवटची." हे उत्तर मी याआधी चार सायकलींच्या वेळी दिलेलं आहे.

ओझ्याची सायकल आहे. पुढचं चाक लहान, त्यावर जाड लोखंडी चौकट, चौकटीत सागवानी फळी. हरेशचे आजोबा तुळशीराम यावरून खाडीकाठच्या कारखान्यातून पनवेलच्या बाजारात बर्फाच्या लाद्या आणायचे. हरेशचं गाव विमानतळात गेलं, पैसे आले, आता तो उलव्याला हॉटेल काढतो आहे. दारात ही सायकल लाल चकचकीत करून ठेवायची, फळीवर फुलांच्या कुंड्या. "काका, एकदम नवीन दिसली पाहिजे," म्हणाला.

नवीनच दिसेल. तीस वर्षं कारखान्यात मी मोजमापं तपासली, आणि निवृत्तीनंतर न्यू पनवेलात बसून जुन्या सायकली उभ्या करतो. गंज म्हणजे आळस, असं माझं स्पष्ट मत आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

तपासणी. टायरना भेगा, ट्यूब नाहीतच, साखळी जाम. चालवायचा प्रश्नच नाही, फार तर ढकलता येईल. सांगाडा मात्र अजून सरळ आहे. आतासारखा पोकळ माल नाही.

एक गोष्ट विचित्र वाटली. चौकटीच्या दोन्ही कडांना दोरीचे तुकडे बांधलेले आहेत. काथ्याचे, सुतळीचे, बोटाएवढे. शंभराच्या वर असतील. प्रत्येकाची गाठ शाबूत आणि टोक एका घावात कापलेलं. लादी आवळायची, गाठ मारायची आणि पोचल्यावर गाठ न सोडता दोरी कापायची, ही कुठली उधळपट्टी?

रंग द्यायचा तर हे काढावं लागणार. दुसरा कुणी सरळ ब्लेड चालवेल. मला कापाकापी पटत नाही. कापली की गाठ संपते, सोडली की ती कशी बांधली ते कळतं. म्हणून बांबूची सळई टोकदार केली आणि बसलो. सुरुवात सगळ्यात मळक्या तुकड्यापासून केली. ती दोरी नव्हतीच, पंचाची चिंधी होती, लाल काठाची. गाठ सोडायला चाळीस मिनिटं लागली. चिंधी काही जपण्यासारखी नव्हती. तिनेच मागच्या चाकाचं वंगण पुसलं आणि घंटागाडीत टाकली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सायकलीखाली पाणी. बादलीभर नसेल, पण चांगलं चौकोनी थारोळं, लादीएवढं. पत्रा गळायला पाऊस कुठे आहे? शशिकलाने शेड धुतली असेल, असं म्हणून तिला विचारलं. "तुमच्या शेडला मी हात लावते का कधी?" हेही खरं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आणखी सहा गाठी सोडल्या. दोऱ्या पाकिटांत घातल्या, पाकिटांवर आकडे टाकले. सात झाल्या.

संध्याकाळी हरेशचा फोन. "काका, आजी बोलते, त्या गाठी सोडू नका."

"मग रंग कसा देऊ?"

"कापा, बोलते. कापल्या तरी चालतील, सोडायच्या नाय." हसत होता. "मयताच्या गाठी हायत त्या. कुठं मयत झालं आणि मानूस लांबून येयाचा असला की आजा बर्फ घेऊन जायचा. ती दोरी परत वापरायची नाय. कापून यायचं."

म्हणजे प्रत्येक तुकडा एका घराचा. मी फोन ठेवला. गोदूबाईंच्या, म्हणजे हरेशच्या आजीच्या, समजुतीचं मला काही नाही. जुनं जपायचं कसं हे त्यांना कुणी शिकवायला गेलं नसणार. पण आमच्याही घरी बर्फ आला असेल का, हा विचार काही डोक्यातून जाईना.

बाबा शहात्तर सालच्या मे महिन्यात गेले. मी पुण्याला डिप्लोमाला होतो. ते गेले सोमवारी पहाटे. तार माझ्या हातात पडली मंगळवारी दिवेलागणीला. बुधवारी पहिल्या एसटीने निघालो, तर दादाने मंगळवारी संध्याकाळीच सगळं उरकलेलं. अजून बारा तास थांबायचं होतं! "बर्फ पुरला नाही," एवढंच म्हणाला. पनवेलात बर्फाला काय तोटा होता? दादा हाताने आखडता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटतो तेवढंच. तो टपाल नाक्याला, मी इथे. मध्ये एक रेल्वेचा पूल आहे, पण पन्नास वर्षांत तो फारसा ओलांडला गेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आता थारोळं एक नाही. भिंतीला लागून ओळीने ओल आली आहे. जमिनीवर बसून भिंतीला पाठ टेकली तर जेवढी जागा व्यापली जाईल तेवढे एकेक डाग, खाली बैठकीचा आणि वर पाठीचा. सात आहेत. पाइप फुटलाय, दुसरं काय!

मिथुन प्लंबरला बोलावलं. त्याने भिंत ठोकली, कान लावला, म्हणाला, "काका, या भिंतीत पाइपच नाही." मग डागांकडे पाहत म्हणाला, "थंड किती आहे हो इथे." भेटीचे दोनशे रुपये न घेताच गेला. विसरला असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाठींचं काम थांबवलं आहे, घाबरलो म्हणून नव्हे. गुडघे दुखताहेत. उकिडवं बसून बसून दुखत असावेत, पण दुखतात ते सकाळी उठल्या उठल्या, चार मैल चालून आल्यासारखे. पायजम्याची खालची कड ओली असते. शशिकला म्हणते, "पहाटे कुठे जाता?" मी म्हटलं, "संडासला. या वयात आणखी कुठे जाणार?"

दुपारी तिने फ्रीजमधला आमरस काढला. मला आमरस चालत नाही हे चाळीस वर्षांत तिच्या लक्षात राहत नाही. पुन्हा सांगितलं, की मेसमध्ये सोमवारी दुपारी आमरस असायचा, तार आली तेव्हा वाटीत तोच होता, तेव्हापासून नको वाटतो.

ती वाढता वाढता थांबली. "सोमवारी दुपारी? तुम्ही तर मंगळवारी संध्याकाळी म्हणता."

"पन्नास वर्षं झाली त्याला," मी म्हटलं. या बायकांना नको तिथे हिशेब सुचतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या चपलांना तूस चिकटलेला. भाताचा तूस, पूर्वी बर्फ वितळू नये म्हणून त्यात पुरायचे तोच. सायकलीच्या फळीवरही मूठभर होता. जुन्या फटींतून निघाला असणार. पण जुना तूस काळा पडतो, हा पिवळा होता.

फाटकावरचा शिवा म्हणाला, "काका, रोज पहाटे सायकल ढकलत कुठे जाता? मी हाक मारली तर बघत पण नाही."

मी म्हटलं, "शिवा, ड्युटीवर झोपू नये. झोपलास तर निदान स्वप्नं सांगत सुटू नये." सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घालायला हवं.

तरी शेडला आजपासून कुलूप. किल्ली उशीखाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कुलूप जागेवर. किल्ली उशीखाली. सायकलीच्या टायरना ओला चिखल. कुठून उडालेला म्हणावा तर दोन्ही चाकांना सारखा लागला आहे. टायरच्या भेगा मोजल्या, काल होत्या तेवढ्याच आहेत. मोजमापात माझी चूक होत नाही. आज भिंतीकडे पाठ करून बसायचा धीर झाला नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वल्लरीचा फोन. ही दादाची सून. मुलगा सत्यजीत मस्कतला असतो, त्यामुळे घराचं सगळं हिच्यावर. दादाचं काही खरं नाही म्हणाली. अंथरुणाला खिळून दोन महिने झाले, हे मला माहीत नव्हतं. कळवलं होतं म्हणते.

मग जरा अडखळून म्हणाली, "काका, एक विचारू? रोज सकाळी आमच्या ओट्यावर ओलं असतं. माणूस बसून गेल्यासारखं. आणि तूस पडलेला असतो. बाबा, म्हणजे तुमचे दादा, म्हणतात, कृष्णा येऊन गेला. कृष्णा तर तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "औषधांनी भास होतात या वयात."

"ओल्याला कुठलं औषध, काका?" ती म्हणाली. पोरीचं तोंड फटकळ आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

न राहवून करंजाड्याला गोदूबाईंकडे गेलो. हरेशचं घर तीन मजली, खाली संगमरवर, आणि या सगळ्यात चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसून बोंबील निवडत होती. मी समोरची खुर्ची ओढली.

"किती सोडल्या तुमी?" तिने आधी हेच विचारलं.

"सात."

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. "बाबा, बर्फ कवा नेतात? मानूस येयाचा बाकी असतो तवा. मुंबैचा पोर, सासरची पोर. मयत वाट बघत पडलेलं असतं. लादी सरकवून काढायची, दोरी तशीच लोंबत ऱ्हायाची. मानूस आला, तोंड बघितलं, की आमचा म्हातारा दोरी कापायचा. वाट बघनं संपलं. गाठ सोडली तर संपत नाय. तो परत वाट बघाया बसतो."

मी विचारलं, "आणि माणूस आलाच नाही तर?"

"तरी कापायची. आनखी काय करनार? जल्माचा बर्फ कुनाकडं हाय?"

मग मी सहज विचारल्यासारखं करून टपाल नाक्याचं घर सांगितलं, साल सांगितलं. वाटलं, तिला काय आठवणार. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोस्टातल्या मास्तरांचं घर. इसरीन कशी? पाच लाद्या त्या घरी. पाच! दुसऱ्या कुनाच्या घरी दोनच्या वर गेल्या नाय. म्हातारा दमून पडला, तर पाचवी न्यायला मोठा पोर सोता आला. मे म्हैना, डांबर पाघळत व्हतं. त्यानंच सायकल ओढली. दोरी संपली व्हती, तर खांद्यावरचा पंचा फाडून बांदला. सारखा विचारायचा, टिकंल ना पाच वाजेपरेंत? भाऊ येतोय माझा."

लाल काठाचा पंचा. मी तो घंटागाडीत टाकला होता, वंगण पुसून.

तिला तसं सांगून टाकलं. खुर्चीचा हात घट्ट धरला होता एवढं आठवतं. म्हातारीने पाणी मागवलं. म्हणाली, "बाकीच्या सहांची मानसं पन गेली असतील आता. त्या दोऱ्या खाडीत सोडून दे. त्या पंचाचं मातर मला काय करता येयाचं नाय. ज्याची वाट बघितली त्यालाच जावं लागंल."

तुमीवरून तूवर कधी आली, मला कळलं नाही. राग मुळीच आला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सहा पाकिटं घेऊन खाडीच्या पुलावर गेलो. दोऱ्या एकेक करून सोडल्या. ओहोटी होती, पटापट गेल्या. शशिकला बरोबर होती. तिला काय काय कळलं आहे कोण जाणे.

घरी आलो तर भिंत कोरडी. सहा जागा पांढऱ्याफटक, खाली थोडा तूस. सातवी ओली, कोपऱ्यातली. बाबा घरी असेच कोपऱ्यात बसायचे, उजव्या खांद्यावर कलून. तो डागही उजवीकडे कललेला आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज गेलो. दिवसाढवळ्या, रिक्षाने, शशिकलाला घेऊन. टपाल नाक्याच्या घराचा ओटा चढताना पाय अडखळला नाही. रोजची सवय असल्यासारखा नेमका पडला.

दादा खिडकीशी कॉटवर. पूर्वीचा दांडगा माणूस, आता पांघरुणाखाली आहे की नाही कळू नये. मला बघून म्हणाला, "आज आत आलास!"

"म्हणजे?"

"रोज पहाटे येतोस. सायकल लावतोस. ओट्यावर बसतोस. हाक मारली की उठून जातोस." जरा दम घेतला. "एकटा नसतोस पण. तू पुढे हँडल धरून, आणि मागे फळीला हात लावून बाबा. आधी मला वाटलं, बाबा मला न्यायला येतात. मग लक्षात आलं, ते तुला घेऊन येतात."

शशिकलाने माझा हात धरला.

मी भास, गोळ्या, असलं काहीतरी म्हणणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. "दादा, तार मला सोमवारी दुपारी मिळाली होती."

हे मी आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. या वह्यांतही लिहिलं नव्हतं, आणि वह्या तर मी एकट्यासाठीच लिहितो. सोमवारी दुपारी स्टँडवर गेलो होतो. पनवेलची एसटी लागली, भरली, गेली. दुसरी लागली, गेली. बाबांचं मेलेलं तोंड बघायची हिंमत होईना. ते मेलेले मी पाहिले नाहीत तोवर ते मेलेले नव्हते. दोन दिवस बाकावर बसून होतो आणि प्रत्येक गाडीला म्हणत होतो, पुढचीने जाऊ. जे झालं त्याचं खापर मी दादावर फोडलं, आणि पन्नास वर्षं ते खाली उतरू दिलं नाही.

दादा ऐकत होता. म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"पोस्टमास्तरचा मुलगा ना मी? तार पोचल्याची वेळ मी त्याच दिवशी विचारून घेतली होती. सोमवार, बारा चाळीस."

"मग पाच लाद्या कशाला आणल्यास?"

"तुला उशीर होणार, हे कळलं म्हणूनच," दादा म्हणाला. "वेळेवर येणार असतास तर दोनच पुरल्या असत्या."

मी कॉटच्या कडेवर डोकं टेकून रडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सून चहा घेऊन दारात उभी, आणि मी रडतोय. दादाने डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. निघताना म्हणाला, "आता कळवलं की ये हं. पाचवी लादी ओढणारं कुणी नाही."

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेड कोरडी. कोपराही. चपला कोरड्या, पायजमा कोरडा, गुडघ्यांना ठणका नाही. रात्रभर मेल्यासारखा झोपलो, असं शशिकला म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली.

हरेशला फोन केला. सायकल लाल करणार नाही. धुणार नाही, घासणार नाही, गंजालासुद्धा हात लावणार नाही. आहे तशी राहील, गाठींसकट. वाटलं होतं, चिडेल. म्हणाला, "आजी बी तेच बोलते. कुंड्यांसाठी मी कळंबोलीच्या भंगारातून दुसरी बघतो. ही राहू दे तुमच्याकडं."

गंज म्हणजे आळस, असं मी या वहीत तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं आहे. खोडत नाही, राहू दे तेही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी सहा

उठलो तर पायजम्याची कड ओली. सरळ शेडमध्ये गेलो. कुलूप होतं, ते काढलं. सायकलीखाली लादीएवढं पाणी, आणि फळीवर तूस, ताजा. चौकटीवर मी जिथून पहिली गाठ सोडली होती ती रिकामी जागा आता रिकामी नाही. तिथे पंचाची चिंधी आहे. लाल काठ, पांढरीशुभ्र, गाठ घट्ट, आणि टोक अजून कापलेलं नाही. लोंबतं आहे. बोट लावलं तर ओलं होतं.

परत घरात येतो तोच वल्लरीचा फोन. दादा पहाटे गेला. शांतपणे गेला म्हणाली, शेवटी ओट्याकडे बघत होता. सत्यजीतचं विमान रात्री उतरेल, तोवर ठेवायचं आहे. "बर्फ आणू का?" मी एकदम विचारलं. ती म्हणाली, "काका, आता शीतपेटी मिळते. सांगितली आहे. तुम्ही फक्त या."

सत्यजीत रात्री पोचणार, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती गाठ सत्यजीतसाठी नाही. ती कुणाची वाट बघते आहे, हे मला कुणी सांगायला नको. तोंड बघून परत आलो की ते टोक कापायचं, त्यासाठी विळी आताच काढून ठेवावी, म्हणजे आधी शेडमध्ये, मग रिक्षा. की रिक्षा मिळायला वेळ लागेल, आठनंतर बऱ्या मिळतात. आंघोळ करूनच निघावं का? सकाळी गर्दीही असेल, जरा उशिरा गेलं तर

शशिकला दारात उभी आहे. चपला घातलेल्या. दोनदा "चला" म्हणाली आणि आता नुसती या वहीकडे बघते आहे.

कळलं मला. हा स्टँडवरचा बाक आहे. मी लिहीत बसलो आहे आणि पहिली गाडी सुटते आहे.

उठतो.